बक्षीस न मिळालेल्या गावातून : पाणी फाउंडेशनचा वॉटर कप आणि फार्मर कप

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या आमच्या गावाला पाणी फाउंडेशन या संस्थेकडून एक रुपयाही मिळालेला नाही. तिच्या २०१८ च्या वॉटर कपात, म्हणजे गावांच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, आम्ही उतरलो, राबलो, आणि बक्षिसाच्या यादीत आमचं नाव आलं नाही. त्याच वर्षी आमच्याच तालुक्यातली टाकेवाडी राज्यात पहिली आली आणि भांडवली दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत होती. तरीही गावाला मदत करणाऱ्या ज्या ज्या संस्थांशी आणि योजनांशी माझा संबंध आला, त्यांत मी या संस्थेला सगळ्यात वर ठेवते. आता तिच्या शेतकरी गटांसाठीच्या फार्मर कप स्पर्धेमुळं आसपासच्या गावांतल्या बचत गटाच्या बायका विचारतात, "ताई, भाग घ्यावा का? हाताला काय लागतं?" त्यांच्यासाठी हे लिहितेय. चांगलं काय आहे ते लिहिते आणि खटकलं तेही लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमिर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांनी २०१६ साली ही संस्था उभी केली. साताऱ्याचे डॉ. अविनाश पोळ त्यांच्यासोबत होते, आणि डॉक्टरांचं गावोगावचं काम आमच्या भागात त्याआधीपासून ठाऊक होतं. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके. ११६ गावं उतरली आणि आमच्या जिल्ह्यातलं वेळू पहिलं आलं. पुढच्या वर्षी ३० तालुके, २०१८ मध्ये ७५. पहिलं बक्षीस सुरुवातीला ५० लाख होतं. २०१८ मध्ये सरकारची भर धरून ते ७५ लाखांवर गेलं. बक्षीस गावाचं, कुणा एका माणसाचं नाही. काम काय होतं, तर आमच्या वर्षी ८ एप्रिल ते २२ मे या पंचेचाळीस दिवसांत आपल्या शिवारात पडणारा पाऊस अडवायची आणि जिरवायची तयारी करायची.

मी गटाची सचिव. त्यामुळं कागद माझ्याकडं असतात. गावासाठी चार पैसे मिळावेत म्हणून मी बऱ्याच ठिकाणी अर्ज केलेत. बहुतेक विश्वस्त संस्था पहिल्यांदा विचारतात नोंदणीचा दाखला, मग तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, मग प्राप्तिकर सवलतीचं बारा-ए आणि ऐंशी-जीचं प्रमाणपत्र. कंपन्यांचं सीएसआर तर त्याहून अवघड. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे असतात, पण ते पैसे बहुतेक वेळा नोंदणीकृत संस्थेमार्फत येतात, आणि अशी संस्था चालवणारी माणसं बहुधा शहरात असतात. नियम का आहेत ते मला समजतं. दानाच्या पैशाचा हिशेब कडकच पाहिजे. पण त्यातून होतं असं की ज्या गावाला गरज आहे त्याला अर्जच करता येत नाही, आणि ज्याला अर्ज लिहिता येतो त्याच्या गावाला दरवर्षी मिळतं.

आमच्या ओढ्यावर अशाच एका देणगीतून एक सिमेंट बंधारा झाला होता. देणारे कोण ते लिहीत नाही. ठेकेदार बाहेरचा, मजूर बाहेरचे, जागा कुणी निवडली ते गावाला कधी कळलं नाही. उद्घाटनाला मंडप पडला, हार-तुरे झाले. दोन पावसाळ्यांत एका बाजूची माती वाहून गेली, पाणी बंधाऱ्याला वळसा घालून जायला लागलं, आणि ते दुरुस्त करायला कुणीही गेलं नाही. मीही गेले नाही, गावातलं दुसरं कुणी गेलं नाही. तो आमचा आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

या पार्श्वभूमीवर वॉटर कपाचा अर्ज कसा होता बघा. ग्रामसभेचा ठराव आणि प्रशिक्षणाला जाणाऱ्या पाच जणांची नावं, त्यांत बायका हव्यातच. लेखापरीक्षण नाही, प्रकल्प अहवाल नाही. त्यांनी आधी पैसे दिले नाहीत, आधी शिकवलं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं मोल इथंच आहे.

प्रशिक्षण निवासी होतं. आमच्या घरातून मी जाणार म्हटल्यावर सासूबाई पहिल्यांदा गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "जा. आम्ही बाहत्तरला खडी फोडली, सुकडी खाल्ली, पण पाण्याचं कुणी शिकवलं नाही." मालकांनी त्या दिवसांत दोन म्हशींचं सगळं बघितलं. प्रशिक्षण होतं आधीच्या स्पर्धेत चांगलं काम केलेल्या एका गावात, म्हणजे शिकवलेलं सगळं तिथल्या माळावर डोळ्यांनी दिसत होतं. दोन काठ्यांना पारदर्शक नळी बांधून केलेला हायड्रोमार्कर घेऊन आम्ही उतारावर फिरलो, दोन्हीकडं पाणी सारखं आलं की तिथं फक्कीची खूण करायची. खुणा जोडल्या की समपातळीची रेघ. त्या रेघेवर चर खणला तर पाणी कुठंही न पळता जागेवर मुरतं. रेघ चुकली तर सगळं पाणी एका टोकाला धावतं आणि चर फोडून जातं. सातवी शिकलेली बाई आणि बी. एस्सी. झालेला पोरगा दोघंही ही रेघ सारखीच मारू शकतात.

हिशेबही शिकले. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा एकदा भरला की हजार लिटर पाणी. हजार हेक्टरांच्या शिवारावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०० कोटी लिटर. आमच्याकडं पाऊस साधारण तेवढाच, त्याच्या आतबाहेर. जन्मभर आम्ही "आमच्याकडं पाणीच नाही" म्हणत आलो आणि दर पावसाळ्यात कोट्यवधी लिटर पाणी आमच्या अंगावरून गढूळ होऊन माणगंगेला जात होतं. हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहिला तेव्हा म्हातारी माणसंही पुढं सरकून बसली. काम माथ्यापासून पायथ्याकडं यायचं हेही तिथंच कळलं. वर डोंगरावर चर, मधे ओघळीत दगडी बांध, खाली शेताला बांधबंदिस्ती, आणि सगळ्यात शेवटी ओढ्यावर काय करायचं ते. वरचं काही न करता सगळ्यात खाली बांधलेला तो सिमेंट बंधारा का टिकला नाही, याचं उत्तर मला तिथं मिळालं.

७ एप्रिलच्या रात्री बारा वाजता गावं डोंगरावर चढायची. आमचंही चढलं, मशाली घेऊन, हलगी वाजवत. त्याचं वर्णन अनेकांनी केलंय, मी करत नाही. मला सांगायचंय ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल, कारण हलगी एकाच रात्री वाजते. एप्रिल-मेचं ऊन म्हणजे सकाळी नऊनंतर टिकाव हातात धरवत नाही. त्यामुळं पहाटे पाचला जायचं, उन्हं तापली की उतरायचं, संध्याकाळी पुन्हा. श्रमदानाचं उद्दिष्ट गावाच्या लोकसंख्येच्या हिशेबानं असायचं, म्हणून चार उत्साही पोरांवर भागायचं नाही. घराघरातून माणूस यावंच लागायचं. आमच्या गावात दोन पार्ट्या. सरपंच एका पार्टीचा, म्हणून दुसरी पार्टी पहिल्या आठवड्यात आली नाही. बायका त्यांच्या घरी हळदी-कुंकवाला म्हणून गेल्या आणि तिथं फक्त हिशेब मांडला : अमुक इतके घनमीटर झालेत, अमुक इतके राहिलेत. दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या सुना आल्या, चौथ्या दिवशी पुरुष आले. सगळे मात्र शेवटपर्यंत आले नाहीत, तेही लिहिते.

गुण फक्त खणण्याला नव्हते, हे मला फार आवडलं. शोषखड्डे, रोपवाटिका, माती परीक्षण, पाण्याचा ताळेबंद, शेतातला पालापाचोळा न जाळण्याचं आगपेटीमुक्त शिवार, या सगळ्याला गुण. त्यामुळं ज्यांना टिकाव झेपत नव्हता त्यांनाही काम होतं. शाळेतल्या पोरींनी रोपांच्या पिशव्या भरल्या. आमच्या गल्लीतलं सांडपाणी रस्त्यावरून वाहायचं, ते शोषखड्ड्यांनी बंद झालं आणि डास कमी झाले. वॉटर कपाचा हा एक फायदा असा की त्याला पाऊस लागला नाही.

यंत्राचा भाग जमिनीवर कसा चालला तेही सांगते. मोठी कामं हातानं होत नाहीत. भारतीय जैन संघटनेनं त्या वर्षी राज्यभर श्रमदान करणाऱ्या गावांना पोकलेन-जेसीबी पुरवले, डिझेलला सरकारनंही हातभार लावला. उरलेला खर्च आमच्या मुंबईकरांनी उचलला. वाशीच्या मार्केटात माथाडीचं काम करणारी आमची पोरं आहेत, त्यांच्या मंडळानं वर्गणी काढून पाठवली. १ मेच्या महाश्रमदानाला त्यांतले कित्येक सुट्टी काढून आले, पुण्याची अनोळखी माणसंही आली. शहरातल्या माणसांनी त्या दिवशी खणलं ते थोडंच, पण संध्याकाळी पिठलं-भाकरी खाताना त्यांनी आमच्या बायकांना जे प्रश्न विचारले, तसे प्रश्न गावात आमच्या बायकांना कुणी विचारत नाही.

आता खटकलेलं.

आमच्या वस्तीवर शेत नसलेली घरं आहेत. उन्हाळ्यात ती माणसं रोजानं जातात. कुणी कांदा काढायला, कुणी डाळिंबाच्या छाटणीला. श्रमदानाला यायचं म्हणजे त्यांचा अर्धा रोज बुडणार. त्यांतली एक बाई माझ्याबरोबर घमेलं उचलताना म्हणाली, "आम्ही चर खणतो गं, पण पाणी कुणाच्या विहिरीत चढणार?" मला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर ती जाणत होती. पाणी चढणार ते ओढ्याकाठच्या, बागायतदारांच्या विहिरींत. सगळ्या गावाचा घाम आणि काही घरांचं पीक, हे पाणलोटाच्या कुठल्याही कामातलं जुनं दुखणं आहे. या स्पर्धेतही ते होतं. गुणांच्या तक्त्यात त्यावर ठोस काही नव्हतं. आम्ही आमच्यापुरतं एवढं केलं की यंत्राचे तास वाटताना पहिलं काम पिण्याच्या सार्वजनिक विहिरीच्या वरच्या अंगाला धरलं, आणि गायरानातलं गवत कापायचा पहिला हक्क भूमिहीन घरांना द्यायचा असा ठराव केला. गवताचा ठराव पाळला जातोय, पण त्यासाठी दरवर्षी कुणीतरी ग्रामसभेत उठून त्याची आठवण करून द्यावी लागते. मी देते. संस्थेनं असा ठराव आधीच करणाऱ्या गावांना मोठे गुण द्यायला हवे होते असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट बक्षिसांच्या रचनेची. पहिल्या गावाला ७५ लाख, तालुक्यातल्या पहिल्या गावांनाही बक्षीस, आणि मधल्या हजारो गावांना फक्त प्रमाणपत्र, तेही कुणाच्या नीटसं लक्षात राहत नाही. टाकेवाडीचं काम मी स्वतः जाऊन बघितलंय, बक्षीस त्यांच्या कष्टाचंच आहे, त्यात मला शंका नाही. १२ ऑगस्टला बालेवाडीला निकाल लागला तेव्हा आमच्या गाडीतली माणसं तालुक्याला दोन मोठी बक्षिसं आली म्हणून खरोखर खूश होती. पण ठरावीक पातळीच्या वर काम गेलेल्या प्रत्येक गावाला देखभालीसाठी लाख-दोन लाख मिळाले असते, तर तेवढ्याच पैशात कितीतरी गावांचे चर आज गाळानं भरलेले नसते. चर दोन-तीन पावसाळ्यांत भरतो, दगडी बांधाचे दगड घरंगळतात. बांधायला उत्सव असतो, गाळ काढायला कुणी येत नाही.

आणि पाऊस. आम्ही खणलं २०१८ च्या उन्हाळ्यात आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. ऑक्टोबरमध्ये सरकारनं दुष्काळी तालुक्यांची यादी काढली त्यात माण होताच. २०१९ च्या उन्हाळ्यात टँकर आला, जनावरं छावणीत गेली. गावातले काही जण म्हणाले, "झालं का समाधान?" ते महिने फार जड गेले. मग २०१९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीचा पाऊस असा पडला की माणगंगेला पूर आला. आमचे चर एकापाठोपाठ एक भरले, सांडले, पुन्हा भरले. पिण्याची विहीर त्यानंतरच्या मे महिन्यात आटली नाही. सासूबाईंना ती मेमध्ये पाण्यानं भरलेली आठवत नाही. बाजरीनंतर ज्वारी, आणि काही रानांत कांदाही झाला. खणल्यानं पाऊस येत नाही. आला तर तो धरून ठेवायची सोय होते, आणि न आलेल्या वर्षाचा घाम पुढच्या वर्षी उपयोगी पडतो. असं काम करणाऱ्या गावांनी हे मनात पक्कं धरावं, नाहीतर पहिल्याच कोरड्या वर्षी गाव फुटतं.

पाणी आल्यावरचा धोका वेगळा. विहिरी वाढल्या तशी बोअरं वाढली, आणि दोन जणांनी ऊस लावला. जमिनीखालचं पाणी सगळ्यांनी मिळून भरलं आणि ज्याची मोटर मोठी त्यानं उपसलं. वॉटर कपात पाण्याचा ताळेबंद होता, पण पंचेचाळीस दिवसांच्या धांदलीत तो कागदावर राहिला. संस्थेनं हे ओळखलं असावं. २०१९ नंतर वॉटर कप थांबला. पुढची समृद्ध गाव स्पर्धा दीड-दोन वर्षांची होती, तिच्यात पाण्याचा वापर, गवत, जंगल, माती यांना मोठी जागा होती. आणि २०२२ पासून फार्मर कप आला, सुरुवातीला ३९ तालुक्यांत.

फार्मर कपात गाव नाही, शेतकऱ्यांचा गट उतरतो. सुरुवातीला पहिलं बक्षीस २५ लाखांचं होतं. एक पीक निवडायचं आणि सगळ्यांनी मिळून बियाण्यापासून विक्रीपर्यंत ते करायचं. मोबाईलवर डिजिटल शेतीशाळा असते. कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ रात्री जेवणं झाल्यावर ऑनलाइन येतात आणि बाई असो की पुरुष, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात. आमच्या बायकांच्या गटानं बियाण्याची उगवण क्षमता गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून घरीच तपासली, बीजप्रक्रिया केली, खतं एकत्र घेतली म्हणून दुकानदारानं भाव कमी लावला, आणि खुरपणीला मजूर न लावता पैरा केला. आज माझ्या रानात सगळ्या, उद्या तुझ्या. खुरपणीच्या रोजाचा खर्च जवळजवळ संपला. वॉटर कपापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं, कारण ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही तिलाही गटात पिकाचा निर्णय घेताना हात वर करता येतो. नवऱ्याच्या तोंडाकडं न बघता "या वर्षी तणनाशक नको" असं म्हणणारी आमची धाकटी जाऊ मी या गटातच पहिल्यांदा पाहिली. कमतरता एकच : नोंदी ॲपवर भरायच्या असतात आणि गटात चांगला मोबाईल दोघी-तिघींकडंच. उरलेल्यांचं काम त्यांच्यावर पडतं.

गावाला दुसऱ्या रीतीनं देणारेही मी पाहिलेत आणि त्यांना कमी लेखत नाही. नाम फाउंडेशननं २०१५ मध्ये मराठवाड्यात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या कुटुंबांना १५ हजारांचे धनादेश दिले. ज्या घरातला कर्ता माणूस गेलाय तिथं चर कसा खणायचा हे शिकवायला जाणं क्रूरपणाचं झालं असतं. तिथं पैसेच हवे होते, आणि लगेच हवे होते. पण ज्या गावात हात आहेत आणि दिशा नाही, त्याला आयता बंधारा देण्यापेक्षा चार दिवस शिकवून मग स्पर्धेला बोलावणं मला शंभर पटीनं बरं वाटतं.

तेव्हा, वॉटर कप आता होत नसला तरी, फार्मर कपात किंवा गावकामाच्या अशा एखाद्या स्पर्धेत भाग घ्यावा का, तर घ्यावा. बक्षीस धरून चालू नका, बक्षिसाच्या पैशातून काय करायचं याची चर्चा तर गावात होऊच देऊ नका, त्यावरून आधीच भांडणं लागतात. प्रशिक्षणाच्या नावांत एक तरी नाव भूमिहीन घरातलं घाला आणि त्या माणसाचा बुडालेला रोज गावानं भरून द्या. पिण्याची विहीर आणि गायरान यांचे ठराव काम सुरू व्हायच्या आधी करून घ्या, पाणी आल्यावर कुणी ऐकत नाही. उसाचं आणि नव्या बोअरचं काय करायचं तेही त्याच ग्रामसभेत मिटवा. फार्मर कपाला उतरणार असाल तर मोबाईल नीट चालवणारी एक पोरगी गटात घ्या आणि तिला खुरपणीतून सूट द्या. आणि वर्गणीतले थोडे पैसे वेगळे काढून गाळ काढायच्या नावानं ठेवा. आम्ही आता दर घरामागं वर्षाला शंभर रुपये घेतो, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात, वळीव पडायच्या आत, चर उपसायला डोंगरावर जातो.